महाधमनीचं अस्तर सुटलं: छाती उघडायची की स्टेंट घालायचा?

सीटी अँजिओच्या रिपोर्टात आधी एकच अक्षर शोधा: ए की बी. निम्मा निर्णय तिथंच होतो. महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी. तिच्या आतल्या पदराला चीर पडून रक्त दोन पदरांमध्ये घुसतं. हृदयातून वर चढणारा भाग त्यात सापडला असेल तर टाइप ए, तो भाग शाबूत असेल तर टाइप बी.

टाइप एला छाती उघडूनच ऑपरेशन. जुन्या आकडेवारीप्रमाणे पहिल्या 48 तासांत दर तासाला 1 ते 2 टक्के पेशंट दगावतात. "मांडीतून स्टेंट घाला की" असं घरचे हमखास म्हणतात. पण तिथं स्टेंटला टेकायला जागाच नसते: खाली झडप आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तोंडं, वर मेंदूकडे जाणाऱ्या शाखा.

मग खरा प्रश्न, किती भाग बदलायचा? हेमीआर्चमध्ये वर चढणारा भाग आणि महाधमनीच्या कमानीची खालची कड तिरकी कापून डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी शिवतात. त्यासाठी शरीर थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवतात आणि मेंदूला तेवढं उजव्या काखेतल्या रक्तवाहिनीतून रक्त देत राहतात. भिंत भिजलेल्या पापडासारखी झालेली असते, टाका ओढला की चिरत जाते. म्हणून आतबाहेर टेफ्लॉन फेल्टच्या पट्ट्या लावून शिवतात. ऑपरेशन झाल्यावरचा रक्तस्राव बहुतेक या शिवणीतूनच होतो.

दुसरा पर्याय फ्रोझन एलिफंट ट्रंक: अख्खी कमान बदलायची, तिन्ही शाखा नव्यानं जोडायच्या आणि खाली उतरत्या भागात स्टेंटची बाही सोडायची. खालची खोटी पोकळी, म्हणजे पदरांमध्ये रक्त घुसून झालेली जागा, बुजायला मदत होते, पुढचं ऑपरेशन टळू शकतं. पण अभिसरण जास्त वेळ थांबतं आणि मणक्याचा रक्तपुरवठा कमी पडून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. चीर कमानीतच असेल, कमान फुगलेली असेल किंवा मारफानचा (रक्तवाहिन्यांची भिंत जन्मतः कमजोर असण्याच्या आजाराचा) तरुण पेशंट असेल तर हे पटतं. सत्तरीतल्या पेशंटला, रात्री दोन वाजता, चीर वर चढणाऱ्या भागातच असताना सर्जन हेमीआर्चवर थांबला तर त्यानं अर्धवट काम केलं असं समजू नका.

झडप गळत असेल तर बऱ्याचदा तिचे कोपरे टाक्यांनी वर उचलून भागतं. महाधमनीचं मूळच फाटलं किंवा फुगलं असेल तर बेंटॉल, म्हणजे झडप आणि मूळ दोन्ही बदलायचं ऑपरेशन. त्यात यांत्रिक झडप बसली की जन्मभर रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) साधारण 2 ते 3 च्या दरम्यान. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावातून दर महिन्याला रक्त तपासायला कोण नेणार, हे झडप निवडतानाच बोलून घ्या. डेव्हिड पद्धतीत मूळ बदललं तरी स्वतःची झडप राहते, वॉर्फरिन टळतं, पण वेळ जास्त लागतो आणि हात सरावलेला हवा.

टाइप बीमध्ये आधी औषधं. ठोके 60 च्या खाली, वरचं बीपी 100 ते 120. ठोके आधी उतरवायचे. नुसतं बीपी पाडलं तर हृदय जोरात धावतं आणि चिरेला आणखी हिसका बसतो. दुखणं थांबेना, मूत्रपिंड, आतडी किंवा पायाचं रक्त तुटलं, भिंत झिरपू लागली, तर मांडीतून स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे टेव्हार. कधी डाव्या हाताच्या रक्तवाहिनीचं तोंड झाकलं जातं, मग वेगळा बायपास लागू शकतो. ग्राफ्ट फार मोठा निवडला तर चीर उलटी वर सरकून टाइप बीचा टाइप ए होऊ शकतो.

छातीत दुखतंय म्हणून अटॅक समजून रक्त गोठू न देणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपॅरिन ही औषधं दिलेली असू शकतात. काय दिलं आणि किती वाजता, ती चिठ्ठी सोबत ठेवा. सर्जनला रक्तस्रावाचा अंदाज त्यावरूनच येतो.

निपाणीहून कोल्हापूर साधारण 40 किलोमीटर, बेळगाव 75 च्या आसपास. तरी अंतरावर ठरवू नका, आधी फोन करा: महाधमनीचं ऑपरेशन आज रात्री होईल का, परफ्यूजनिस्ट (हार्ट-लंग मशीन चालवणारा) आहे का, प्लेटलेट्स मिळतील का, ग्राफ्ट हाताशी आहे का. महाराष्ट्रानं 2023 मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकचं आयुष्मान कार्ड वेगळं. त्या दवाखान्यात कुठलं चालतं, तेही त्याच फोनवर विचारा. सीटीचे फोटो मोबाइलवर पुढे पाठवा, पण सीडी हातात असू द्या. चीर नेमकी कुठं सुरू होते ते सर्जनला सीडीवर पुढे-मागे सरकवून बघता येतं.