इंडेक्सचा लॉग लिहावा, की क्रॅशनंतर इंडेक्स नव्याने बांधावा?

ऐन पावसात वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली आणि अंधेरीच्या ऑफिसातला सर्व्हर धाडकन बंद पडला, तर डेटाबेसच्या इंडेक्सचं, म्हणजे टेबलातली नोंद पटकन शोधून देणाऱ्या सूचीचं, काय होतं?

पहिला पर्याय: प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये (बदलांच्या क्रमवार नोंदवहीत), मग डिस्कवरच्या पानात (ठरावीक आकाराच्या तुकड्यात). बी-ट्रीचं, म्हणजे झाडासारखी रचना असलेल्या इंडेक्सचं, पान भरलं की ते दुभंगतं. काही नोंदी नव्या पानात जातात, वरच्या पानात त्याचा दुवा लागतो. नेमकी या दोन पायऱ्यांमध्ये वीज गेली तरी पोस्टग्रेस (एक डेटाबेस सॉफ्टवेअर) लॉग वाचून पानं सावरतं, आणि राहिलेला दुवा पुढच्या इन्सर्टच्या वेळी जोडतं. किंमत म्हणजे जास्तीचं लेखन: चेकपॉइंटनंतर (तोवर बदललेली पानं डिस्कवर लिहून झाल्याच्या टप्प्यानंतर) पान पहिल्यांदा बदललं की सहसा अख्खं ८ केबीचं पान लॉगमध्ये जातं.

दुसरा: लॉग नाहीच, क्रॅशनंतर टेबल वाचून इंडेक्स पुन्हा बांधायचा. लिहिणं हलकं होतं, हे खरं. पण पोस्टग्रेसचे हॅश इंडेक्स (इंडेक्सचा आणखी एक प्रकार) २०१७ मध्ये दहावी आवृत्ती येईपर्यंत असेच होते. क्रॅशनंतर रीइंडेक्स राहून गेलं, तर क्वेरी गुपचूप चुकीचं उत्तर देऊ शकायची. हे मला सगळ्यात घातक वाटतं.

पुन्हा भरता येणाऱ्या छोट्या टेबलाला दुसरा चालेल. बिलिंगला मात्र डोळे झाकून पहिलाच घ्या. काउंटरवर रांग असताना साधं रीइंडेक्स लावलं, की ते संपेपर्यंत त्या टेबलात एकही नवं बिल चढत नाही.