बडोद्यात चावीवाला घरी बोलावणार असाल तर आधी हे वाचा ("कॉम्प्युटर की"च्या नावाने झालेली फसवणूक)

मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा, खास करून ज्यांचे आई-वडील बडोद्यात एकटे राहतात त्यांनी. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याकडून एका चावीवाल्याने ७,६५० रुपये काढले, आणि वर दाराला असं कुलूप ठोकून गेला की ते लावलं काय न लावलं काय सारखंच. पैसे गेले त्याचा राग आहेच, पण सत्तरीतली बाई महिनाभर त्या कुलपाच्या भरवशावर एकटी झोपत होती याचा संताप जास्त आहे.

झालं असं की आत्या दूध घ्यायला दोन मिनिटं जिन्यात उतरली आणि वाऱ्याने दार लागलं. चावी आत, मोबाईल हातात. शेजारच्या मुलाने नेटवर शोधून नंबर दिला, फोनवर सांगितलं व्हिजिटचे फक्त १५०. माणूस आला, बाईकवरून, पाठीला मोठी बॅग, बोलायला एकदम गोड, "बा, बा" करत. दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाला "बा, आ लॉक तो तोडवुं ज पडशे" (हे लॉक तोडावंच लागेल), आणि आत्या हो-नाही म्हणेपर्यंत ड्रिल चालू. पाच मिनिटांत जुन्या लॅचचं सिलिंडर (कुलपाचा चावी जाते तो गोल भाग) भुगा. मग हिशोब: व्हिजिट १५०, ड्रिलिंग १,८००, नवीन "कॉम्प्युटर की" लॉक ५,५००, फिटिंग २००. दार उघडं, कुलूप फुटलेलं, संध्याकाळ होत आलेली, घरात दुसरं कोणी नाही, अशा वेळी कोण वाद घालणार? पैसे कॅशच हवेत म्हणाला, बिल "व्हॉट्सॲपवर पाठवतो" म्हणाला, ते अजून आलेलं नाही आणि नंबर बंद आहे.

आता यात लबाडी कुठे होती ते नीट समजून घ्या, कारण कुलपाच्या आत काय असतं हे आपल्याला माहीत नसतं आणि यांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

पहिली गोष्ट. दार नुसतं ओढलं गेलं होतं, चावी फिरवून लॉक केलेलं नव्हतं. नाइट लॅचला एक तिरपी जीभ असते, ती स्प्रिंगवर मागे-पुढे होते, म्हणून तर दार ओढलं की आपोआप लागतं. असं दार ज्याला काम येतं तो बहुतेक वेळा फटीतून पट्टी घालून, काहीही न फोडता उघडतो, आणि नाहीच जमलं तर आतल्या पिना (चावीने उचलल्या जाणाऱ्या छोट्या दांड्या) एकेक उचलून सिलिंडर फिरवता येतं. ड्रिल हा अगदी शेवटचा उपाय. जो माणूस आल्या आल्या ड्रिल काढतो त्याला दार उघडण्यात इंटरेस्ट नाही, त्याला बॅगेतलं कुलूप विकायचंय. (डेडबोल्ट म्हणजे चौकोनी जाड दांडा, जो चावी फिरवूनच पुढे जातो, तो लावलेला असेल तर गोष्ट वेगळी, तो असा पट्टी घालून मागे ढकलता येत नाही. म्हणूनच बाहेर जाताना दार नुसतं ओढून जाऊ नका, चावी फिरवाच.)

दुसरी गोष्ट ही "कॉम्प्युटर की". त्यात कॉम्प्युटर वगैरे काही नसतं हो! चपट्या चावीवर दातांच्या ऐवजी गोल खड्डे असतात, डिंपल की म्हणतात तिला, बस. आतलं तत्त्व तेच जे लायनस येल ज्युनियरने १८६१ मध्ये पेटंट घेतलं होतं: स्प्रिंगवर बसलेल्या पिनांच्या जोड्या, बरोबर चावी गेली की सगळ्या जोड्यांची फट एका रेषेत येते आणि गाभा, म्हणजे सिलिंडरचा चावीबरोबर फिरणारा आतला भाग, फिरतो. चांगलं डिंपल लॉक खरंच चांगलं असतं, त्यात शंका नाही. पण बाहेरून सगळीच सारखी चकचकीत दिसतात.

मला संशय आला तो चाव्यांवरून. डब्यावर छापलंय ५ चाव्या, आत्याकडे ४, आणि त्याही सुट्या, प्लास्टिकच्या उघड्या पिशवीत. डब्यावरचं नाव एका नावाजलेल्या कंपनीसारखं पण एक अक्षर इकडचं तिकडे. मी कुलूप काढून घेतलं आणि मांडवीकडे एक जुने चावीवाले काका आहेत त्यांच्याकडे नेलं. काकांनी आधी आमची चावी बघितलीच नाही, स्वतःच्या डब्यातली तशाच जातीची दुसरी कुठली तरी चावी घातली, थोडी हलवली, आणि सिलिंडर फिरलं. माझ्या समोर. मग मागची क्लिप काढून गाभा हळूच बाहेर सरकवला आणि रुमालावर पालथा केला. पिना पडल्या तीन, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. "आमां तो त्रण ज पिन छे", बाकीची भोकं रिकामी. चावीवर दोन्ही बाजूंनी भरपूर खड्डे, पण त्यातले बहुतेक नुसते शोभेचे, त्यांना लागणारी पिनच आत नाही.

याने काय फरक पडतो? साधं गणित आहे. समजा प्रत्येक पिन ५ वेगवेगळ्या लांबीची असू शकते. ५ पिना असतील तर ३,१२५ वेगवेगळ्या चाव्या होतात, ३ पिना असतील तर फक्त १२५. त्यात माल ढिला असला की जवळपासची चावीही चालून जाते. म्हणजे त्या माणसाने त्या आठवड्यात आमच्या भागात किती दारांना हेच लावलं असेल, आणि पाचवी चावी कोणाकडे आहे, या दोन्ही गोष्टींचा विचार करा.

आणखी एक, तो आत्याला म्हणाला होता की हे लॉक कोणी उघडूच शकत नाही. असं म्हणणारा माणूस दिसला की सावध व्हा. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या दुकानात वर्षानुवर्षं पाटी होती, आमचं कुलूप उघडून दाखवा आणि २०० गिनी घेऊन जा, आणि १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडलं. त्याला ५१ तास लागले, ही त्या कुलपाची खरी किंमत. चांगलं कुलूप चोराचा वेळ खातं, त्यासाठीच पैसे द्यायचे असतात.

जाता जाता त्याने गच्चीच्या दारासाठी "१० लिव्हरचं" पॅडलॉकही दाखवलं होतं, ते सुदैवाने आत्याने घेतलं नाही. लिव्हर (चावीने उचलल्या जाणाऱ्या कुलपाच्या आतल्या पट्ट्या) जास्त म्हणजे साधारण चांगलं हे खरं, पण आमच्या गच्चीच्या कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसतात! तिथे कितीही लिव्हर लावा, चोर कुलपाला हातच लावणार नाही, स्क्रूड्रायव्हरने अख्खा कडी-कोयंडा काढेल. त्याने हे बघूनही सांगितलं नाही. काकांनी सांगितलं, आता तिथे आरपार बोल्ट आहेत आणि नट आतल्या बाजूला.

सध्या मुख्य दाराला ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलं लॉक आहे, चाव्यांचं सीलबंद पाकीट आत्याने स्वतः फोडलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केलाय, पोलिसांत अर्जही दिलाय, आणि त्या तीन पिना, रिकामा गाभा, डबा सगळं एका पिशवीत तसंच ठेवलंय, अर्जासोबत दाखवायला. गेल्या काही महिन्यांत राजमहाल रोड, रावपुरा, दांडिया बाजार या पट्ट्यात घरी येऊन कोणी तुम्हाला "कॉम्प्युटर की" बसवून दिली असेल, बिल न देता, तर कृपा करून तेवढं सिलिंडर काढून ओळखीच्या चावीवाल्याकडून उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि पिना कमी निघाल्या तर मला कळवा म्हणजे सगळे मिळून एकत्र तक्रार करता येईल.