जुनी नाणी ऑनलाइन घेताना: कुठल्या विक्रेत्यावर किती भिस्त ठेवावी

पुण्यात बसून जुनी किंवा संग्रहाची नाणी ऑनलाइन घ्यायची तर चार वाटा आहेत. सर्व प्रकारचा माल विकणारी मोठी खरेदी-संकेतस्थळं, फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवरचे नाणेसंग्राहकांचे गट, नाण्यांचे लिलाव करणाऱ्या कंपन्या आणि सरकारी टांकसाळीची स्वतःची ऑनलाइन विक्री. आमचं मत आधीच सांगतो. नवख्या माणसानं शेवटच्या दोन वाटांनीच सुरुवात करावी. गटांमध्ये उत्तम नाणी मिळतात, पण परतीची अट लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये. आणि मोठ्या संकेतस्थळांवर ‘दुर्मीळ’, ‘प्राचीन’, ‘चमत्कारी’ अशी विशेषणं लावून जे विकलं जातं, त्यातलं बहुतेक घेण्याच्या लायकीचं नसतं.

या संकेतस्थळांवर सर्वांत जास्त दिसतो तो राम-सीता, हनुमान किंवा गणपतीची चित्रं असलेला ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’चा पितळी किंवा तांबडा तुकडा. कुणी त्याला हाफ आणा म्हणतं, कुणी वन आणा. १६१६ आणि १७१७ अशीही सालं त्यांवर असतात. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. सगळ्या प्रांतांसाठी एकसारखी नाणी कंपनीनं १८३५पासून काढली आणि त्यांतल्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर विल्यम चौथा, पुढे व्हिक्टोरिया यांचे चेहरे आहेत. देवादिकांचे हे तुकडे नंतर कारखान्यात तयार झालेले आहेत. विक्रेते मथळ्यात ‘अस्सल’ लिहितात आणि तळाशी, ‘अधिक वाचा’ दाबल्यावर, ‘टोकन’ किंवा ‘स्मरणिका’ असा शब्द घालून मोकळे होतात. तो शब्द शोधूनच पुढे जावं. तीच गत शिवाजी महाराजांचं चित्र असलेल्या ‘शिवकालीन’ नाण्याची आणि बाजीरावाचं नाव कोरलेल्या ‘पेशवाई’ रुपयाची. महाराजांच्या नाण्यांवर फक्त अक्षरं आहेत. पेशवाईतल्या अंकुशी रुपयावर मोगल बादशहाच्या नावाचा फार्सी मजकूर आणि अंकुशाची खूण असते. महाराजांची प्रतिमा असलेलं, चलनात आलेलं खरं नाणं म्हणजे भारत सरकारनं १९९९मध्ये काढलेलं दोन रुपयांचं. ते शिवकालीन नाही हे उघडच आहे.

या संकेतस्थळांचा एकच गुण मान्य करावा लागतो: माल परत करणं सोपं असतं. ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. गटातल्या विक्रेत्यावर असा कुठलाही चाप नाही.

शिवाजी महाराजांच्या शिवराई आणि होन या नाण्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण महाराष्ट्रात सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. भक्तिभाव असतो आणि त्याचाच फायदा घेतला जातो. तांब्याची शिवराई दुर्मीळ नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पुढे पेशवाईतही ती पाडली जात होती, त्यातलाच एक प्रकार म्हणजे दुदांडी शिवराई. हातानं कापलेल्या तांब्याच्या चकतीवर ठसा ठोकून ती पाडत. त्यामुळे चकती ओबडधोबड असते, ठसा एका अंगाला सरकलेला असतो, एखादं अक्षर काठाबाहेर जातं, बिंदूंची किनार अर्धीच उमटते. म्हणून अगदी गोल, सर्व अक्षरं पूर्ण आणि बिंदूंची किनार चहूबाजूंनी असलेली शिवराई पाहिली की आधी संशय घ्यावा. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ, साबणावर उठवल्यासारख्या असतात, आणि कडेवर साच्याचा सांधा किंवा तो घासून काढल्याच्या खुणा सापडतात. दुसरी चलाखी अशी की झिजलेल्या खऱ्या शिवराईवरची अक्षरं सुईनं कोरून ठळक करतात किंवा लेखनातला फरक मुद्दाम तयार करतात, कारण वेगळ्या वळणाच्या नाण्याला जास्त पैसे मिळतात. कोरलेल्या अक्षराच्या शेजारची जमीन खरवडलेली आणि रंगानं वेगळी दिसते. दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढं त्याला पुरतं.

सोन्याच्या होनाची गोष्ट वेगळी. पावणेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचं हे इवलंसं नाणं इतकं विरळा आहे की गटात पाच-दहा हजारांत ते येणं शक्यच नाही. सराफाकडे नेऊन ‘सोनं चोख आहे’ असा दाखला घेतलेला होनही खोटा असू शकतो. सोन्याची नकल करवून तिच्यावर शंभरपट भाव लावणं परवडतं. धातूची परीक्षा खोटं नाणं बाद करू शकते, पण खऱ्याचा दाखला देऊ शकत नाही. ‘शेत नांगरताना गाडगं सापडलं’ ही कथा ऐकू आली तर व्यवहार तिथेच थांबवावा. ती बहुधा खोटी असते. खरी असली, तर १८७८च्या गुप्तधन कायद्यानुसार अशी सापड जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे तो माल विकत घेणाराही अडचणीत येतो.

आता गट. भाव इथे बरे असतात, मालात विविधता असते आणि जाणकार, सरळ व्यवहार करणारे विक्रेतेही पुष्कळ आहेत. पण इथला अप्रामाणिकपणा सहसा संपूर्ण खोट्या नाण्याचा नसतो. नाणं खरं असतं, दोष लपवलेला असतो. आपल्याकडे बंद्या रुपयांच्या आणि पुतळ्यांच्या माळा होत्या. त्या मोडून आलेल्या नाण्यांवर कडीचा डाग असतो किंवा बुजवलेलं भोक. विक्रेता समोरून फोटो काढतो, त्यात हे दिसत नाही. कडेचा फोटो मागितला की राजाच्या डोक्यावरच्या बाजूला कडेचे दाते घासलेले किंवा डाग देताना झाळ लागलेली लगेच कळते. अशा नाण्याला संग्राहकाची किंमत राहत नाही, चांदीची राहते. तसंच पितांबरी, चिंच किंवा रबरानं घासून चमकवलेल्या नाण्याचं. ‘एकदम नवं, झळाळतं’ असं लिहिलेलं असतं. न वापरलेल्या नाण्याची झळाळी उजेडात फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासलेल्याची फिरत नाही, सगळीकडे सारखीच चकाकते आणि बारीक ओरखडे एकाच दिशेला धावतात. फोटोत हे लपतं, म्हणून दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करत काढलेला पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मागावा.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून आणखी काय घ्यावं? दोन्ही बाजूंचे फोटो, त्याच चौकटीत आजची तारीख आणि तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी. नाणं वजनकाट्यावर ठेवलेला, आकडा वाचता येईल असा फोटो. आणि एक वाक्य: ‘नाणं नकली किंवा दुरुस्त केलेलं निघाल्यास सात दिवसांत पूर्ण रक्कम परत.’ प्रामाणिक विक्रेता हे वाक्य दोन मिनिटांत लिहून देतो. ‘ग्रुपमध्ये एवढी वर्षं आहे, कुणालाही विचारा’ असं उत्तर आलं तर ते होकारार्थी धरू नये. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून पाहायलाही विसरू नये, कारण दुसऱ्याच्या लिलावातले फोटो उचलून वापरणारे बरेच आहेत. दोन वेगवेगळ्या ‘नाण्यांवर’ एकाच ठिकाणी तोच ओरखडा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून निघालेली आहेत.

गटातल्या लिलावात खोटी बोली लावणारे साथीदार असतात. नवं खातं, कधीच काही विकत न घेतलेलं, आणि फक्त एकाच विक्रेत्याच्या नाण्यांवर बोली चढवणारं, असा नमुना दिसला की आपली कमाल किंमत आधी ठरवून तिथेच थांबावं. ‘आत्ता बुक करा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ ही घाई लावणारा विक्रेता आम्ही सरळ टाळायला सांगू. यूपीआयनं एकदा गेलेले पैसे आपण होऊन परत खेचता येत नाहीत. परताव्यासाठी म्हणून कुणी पिन टाकायला सांगितला तर तो चोर आहे. पैसे मिळवायला पिन लागत नाही.

ब्रिटिश रुपयांत दोन सालांभोवती जास्त फसवणूक होते. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसे, म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षीपासून नक्षी सुधारली. विक्रेते १९१२ नंतरचे रुपयेही ‘डुकरवाला’ म्हणून खपवतात. साल वाचलं की पुरे. १९३९चा रुपया मात्र खरोखर दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला फार. १९३८मधल्या ८चा ९ करतात, म्हणून शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन भिंगानं तपासावी. १९४०पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, तेव्हा पुढच्या सालाचा रुपया बदलून विकला असेल तर तो घनतेत सापडतो.

ही घनता घरी काढता येते, त्यासाठी शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम. झिजेनं थोडं कमी भरतं. आधी कोरडं वजन घ्यावं. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करावा, बारीक दोऱ्यानं नाणं पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरावं, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नये, चिकटलेले बुडबुडे हलवून काढावेत. जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागावं. ११.६६ला १.१३नं भागलं की १०.३ येतात, म्हणजे धातू ठीक. १.३४च्या आसपास आकडा आला तर घनता ८.७, म्हणजे जर्मन सिल्व्हर, नावापुरतीच चांदी. ५० टक्के चांदीच्या रुपयाची घनता साडेनऊच्या आसपास येते. शेवटी नाणं मऊ कापडानं टिपावं, पुसू नये. लोहचुंबकाबद्दल एक सूचना: १९४७चा रुपया निकेलचा आहे, तो चुंबकाला चिकटणारच, त्यावरून त्याला खोटा ठरवू नये.

लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेत सराफाकडे कॅरेट मोजण्याचं यंत्र असतं, त्यानं नाण्याला इजा होत नाही. पण ते वरच्या पातळ थराचंच मोजमाप देतं, मुलामा असला तर फसतं. कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नये.

प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतली, पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून त्यांची श्रेणी ठरवणाऱ्या कंपन्यांचा क्रमांक असलेली नाणी तुलनेनं सुरक्षित, पण त्या डब्याही नकली निघतात. क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावा आणि तिथे फोटो असेल तर आपल्या नाण्यावरचे ओरखडे, डाग त्याच्याशी जुळवावेत. खरा क्रमांक खोट्या डबीवर छापलेला असू शकतो.

लिलाव-कंपन्यांकडे छापील वर्णन, वजन आणि पावती मिळते. बोलीवर अधिभार आणि कर चढतात हे बोली लावण्याआधी हिशेबात धरावं. टांकसाळीकडून स्मारक नाण्यांचे संच घेतले तर खरेपणाची चिंता उरत नाही. पुढे कुणी हेच संच चढ्या भावानं विकत असेल तर मूळ किंमत आधी पाहावी. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, ही जाहिरात निव्वळ खोटी आहे. त्यासाठी ‘रिझर्व्ह बँकेचं शुल्क’ मागणाऱ्यांबद्दल खुद्द रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१मध्ये इशारा दिला होता. बँक असले व्यवहार करत नाही.

पार्सल आलं की लेबलपासून वजनापर्यंत एकाच सलग व्हिडिओत उघडावं. परत करताना विक्रेता हमखास म्हणतो, ‘हे माझं नाणं नाही, तुम्ही बदललंत.’ म्हणून आलेल्या नाण्यावरच्या तीन खुणा विक्रेत्याच्याच फोटोवर गोल करून त्याच दिवशी लेखी कळवाव्यात. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. माल खोटा असून परतावा नाकारला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो वा चेन्नईचा, तक्रार आपण राहतो तिथे, म्हणजे पुण्यात, दाखल करता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही.

नाणं पटलं तर विक्रेत्यानं पाठवलेल्या मऊ, वासाच्या प्लॅस्टिक पाकिटातून ते त्याच दिवशी काढावं. त्या पाकिटातल्या पीव्हीसी प्लॅस्टिकमुळे काही महिन्यांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो.