शेवाळावरचा ‘नैसर्गिक’ उतारा आणि लेबलाखालचे लेबल

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी सांभाळणाऱ्यांना शेवाळावरच्या औषधांचा धंदा कसा चालतो ते वेगळे सांगायला नको. टाकीत हिरवे केसाळ शेवाळ माजते, मालक ते उपटून उपटून थकतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोणी तरी ‘जाणकार’ नुसता फोटो मागवून, एकही चाचणी न करता, निदान आणि औषध एकाच दमात सांगून मोकळा होतो. माझ्या गळ्यात मारलेला माल म्हणजे प्रत्येकी ५०० मिलिलिटरच्या चार बाटल्या. वर ‘शंभर टक्के नैसर्गिक एन्झाइम’ अशी जाहिरात, घटकांची यादी कुठेच नाही आणि पैसे सगळे आगाऊ. तेवढ्या पैशांत पाण्यातले क्षार काढून टाकणारे चांगले आरओ-डीआय यंत्र आले असते. गाळलेल्या पाण्यातही विरघळलेले क्षार मोजणारे टीडीएस मीटर शून्य दाखवत नसेल, तर शेवाळासाठी आधी तिकडे बघा.

टाकी ३०० लिटरची, शेवाळाचे खाद्य म्हणजे नायट्रेट १० पीपीएम, फॉस्फेट ०.२५ पीपीएम. दिवसाआड ३० मिलिलिटर थेट टाकीत ओता, असे त्याने बजावले होते. पहिली मात्रा पडताच पाणी दुधट झाले. विचारले तर उत्तर आले, “साहेब, चांगले बॅक्टेरिया फुलतायत, बिनधास्त राहा.” बॅक्टेरियांमुळे पाणी गढूळ व्हायला बराच वेळ जावा लागतो, इथे पाच मिनिटांत मागची काच दिसेनाशी झाली आणि फिल्टरच्या पिशवीत बारीक पांढरी भुकटी साचली. लँथेनम क्लोराइड हे फॉस्फेट काढणारे रसायन खाऱ्या पाण्यात फॉस्फेटशी मिळाले की नेमका असाच न विरघळणारा साका तयार होतो, हे मी पूर्वी वाचलेले होते. ती भुकटी बोटांवर घेऊन मी उभा होतो, आणि तरीही पुढची मात्रा मोजली! पण ज्याचे शेवाळ डोळ्यांदेखत विरळ होत आहे, त्याने शंका घ्यायची तरी कशी? माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही हेच केले असते.

पुढे ओल्या हाताने दुसऱ्या बाटलीचे लेबल सुटले. खाली मूळ छापील कागद जसाच्या तसा होता: निळ्या जलतरण तलावाचे चित्र आणि फॉस्फेट काढणाऱ्या द्रावणाची माहिती. लँथेनम वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. अनेक जण ते वापरतात, पण भरपूर पातळ करून, थेंबाथेंबाने, बारीक गाळणीच्या पिशवीत सोडून आणि रोज फॉस्फेट मोजून. मला मात्र ते एन्झाइमच्या नावाखाली आणि तेही थेट टाकीत ओतायला विकले गेले. माझा पिवळा टँग मासा धापा टाकू लागला, तेव्हा “ताण आहे, जाईल” एवढीच बोळवण झाली.

फॉस्फेट शून्यावर गेले आणि वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर पसरला. गोगलगाई उलट्या पडून मरू लागल्या. विक्रेत्याचे निदान: मेलेले शेवाळ, ‘दुसऱ्या टप्प्या’च्या बाटल्या घ्या. ते डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, नावाचे सूक्ष्म जीव होते. थोडा चिकटा पाण्यात घेऊन जोरात हलवा, कागदातून गाळा आणि ते पाणी उजेडात ठेवा. तासाभरात पुन्हा धागे जमले तर डायनोचा दाट संशय धरा आणि सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करा. पोषक द्रव्ये शून्यावर आली की ते बळावतात, म्हणजे फॉस्फेट आणखी उतरवणे हा उपाय नव्हे, उलट आगीत तेल. मी पैसे परत मागितले आणि त्याने माझा क्रमांक बंद केला.

आता यंत्रणांचे ऐका. पोलीस ठाण्यात विचारणा झाली, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?” लेबलाखालचे लेबल दाखवले, तर मासा केवढ्याचा होता याचीच चौकशी. बँकेने सांगितले की रक्कम तुम्ही स्वखुशीने पाठवली आहे. औषधांच्या कार्यालयाने हे औषधच नाही म्हणून हात झटकले, पशुवैद्यकीय विभागाने शोभेचे मासे आपल्याकडे येत नाहीत असे कळवले, आणि ग्राहक तक्रार कक्षाने विक्रेत्याचा नोंदणीकृत पत्ता मागितला, जो शोधण्यासाठीच तर मी त्यांच्याकडे गेलो होतो. रसायनाची तपासणी स्वखर्चाने करून आणा, असेही एका महाशयांनी सुचवले. माझ्या तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा आहे. काय निकाल लागला, ते कोणीही सांगत नाही.

घटक न सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. फोटोवरून मात्रा सांगणाऱ्याला तर मुळीच नाही. तांबे असलेले शेवाळनाशक प्रवाळाच्या टाकीत घालू नका, कोळंबी आणि गोगलगाई आधी जातील. बाटली हातात पडताच लेबलाचा कोपरा नखाने उचलून पाहा. मी सध्या फॉस्फेट मोजूनमापून ०.०५ पर्यंत वर आणले आहे आणि पाणी यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्यातून फिरवतो आहे. थर मागे हटतो आहे, टँग जगला आहे. विक्रेता तोच माल आता हिरव्या झाकणाच्या बाटलीत, ‘डायनोवर खात्रीशीर’ म्हणून विकतो आहे.