आरएसआय १९ होता, तरी ५८ हजार गेले

आधीच सांगतो, मला दाखवलेला आकडा खोटा नव्हता. टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये (२,९९९ भरून घुसलो होतो, बायकोला अजून पत्ता नाही) एका स्मॉलकॅपचा (म्हणजे छोट्या कंपनीच्या शेअरचा) चार्ट आला, आरएसआय १९ (शेअर किती जोरात चढला-पडला ते ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा, ३० च्या खाली म्हणजे ओव्हरसोल्ड, गरजेपेक्षा जास्त पडलेला), खाली "ओव्हरसोल्ड आहे, बाउन्स पक्का, टार्गेट ६०". माझ्या अ‍ॅपवर बघितलं तर खरंच १९. मग काय, ४२ ला २००० शेअर उचलले.

दोन दिवस हिरवं, ४४ झाला, ग्रुपवर लोकांचे प्रॉफिटचे स्क्रीनशॉट. तिसऱ्या दिवशी ५ टक्क्यांचं लोअर सर्किट, म्हणजे त्या दिवशी भाव त्याहून खाली जाऊच देत नाहीत. विकायला गेलो तर खरेदीच्या बाजूला पाचही ओळींत शून्य आणि समोर विकणारे साडेचार लाख शेअर घेऊन उभे, माझी ऑर्डर साडेतीनपर्यंत लटकून आपोआप कॅन्सल. असं रोज. अ‍ॅडमिन म्हणतोय "दादा, आरएसआय १४ आलाय, आता तर लॉटरी, अ‍ॅव्हरेज करा", आणि मी गाढव, सर्किट जरा उघडलं तसे सरासरी भाव खाली आणायला ३१ ला अजून १००० घेतले. शेवटी १९ ला सगळे काढले. १ लाख १५ हजारांचे ५७ हजार.

नंतर डोकं ठिकाणावर आल्यावर कळलं, आरएसआय एवढंच सांगतो की गेल्या १४ दिवसांत चढण्यापेक्षा पडणं किती जास्त झालं. का पडतोय हे त्याला काय माहीत! बाजारच घाबरलाय म्हणून चांगल्या कंपनीचा आरएसआय ३० च्या खाली गेला तर ती बऱ्याचदा सावरते. इथे प्रमोटरचे (कंपनीच्या मालकांचे) बहुतेक शेअर गहाण होते आणि कर्ज देणारे ते बाजारात ओतत होते. एक्स्चेंजच्या साईटवर शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये हे गहाण प्रकरण चक्क लिहिलेलं होतं, फुकट, दोन मिनिटांचं काम. ते दोन हिरवे दिवस म्हणजे आम्ही ग्रुपवाले घेत होतो आणि कोणीतरी आमच्या गळ्यात माल मारत होतं, दुसरं काही नाही.

अ‍ॅडमिनच्या प्रोफाईलवर आयएनएचने सुरू होणारा सेबीचा नंबर (शेअरचे सल्ले देणाऱ्या रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नोंदणी क्रमांक) होता, तो सेबीच्या साईटवर टाकला तर भलत्याच माणसाचा निघाला. तक्रार द्यायला गेलो तर सायबर पोलीस म्हणाले, साहेब, शेअर तुम्ही तुमच्याच हाताने घेतलेत ना?

परवा सहज बघितलं, शेअर ११ ला पडून आहे. आरएसआय ४८. म्हणजे चार्टच्या हिशोबाने आता सगळं नॉर्मल.