इंटेल की एएमडी? मी आधी सॉकेट बघतो

डेस्कटॉप जुळवायचाय, प्रोसेसर कोणता घेऊ, इंटेल कंपनीचा की एएमडीचा, असं गेल्या महिन्यात दोघांनी विचारलं. वेगाचं बाजूला ठेवू. सारख्या किमतीचे दोन प्रोसेसर घेतले, तर एक्सेल, ब्राउझर आणि अधूनमधून एखादा गेम एवढ्या कामात मला तरी कधी फरक जाणवला नाही.

इंटेलची बाजू भक्कम आहे. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर क्विक सिंकमुळे (इंटेलच्या प्रोसेसरमधली व्हिडिओसाठीची खास सोय) एक्सपोर्ट भरभर होतो. माझा भाचा लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो, त्याला मी बिनदिक्कत इंटेलच घ्यायला लावला. शिवाय इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती मदरबोर्डावरची जागा) काही बोर्डांवर जुनी डीडीआर४ रॅम चालते. एएमडीच्या एएम५ सॉकेटला नवी डीडीआर५ च लागते. घरात चांगली रॅम पडून असेल तर ही बचत मोठी आहे.

माझा कौल मात्र सॉकेटवर ठरला. पूर्वीच्या एका मशीनचा नुसता प्रोसेसर बदलायला गेलो, तर नवा त्या बोर्डावर बसेना. मग बोर्ड घेतला, बोर्डामुळे रॅम घ्यावी लागली, विंडोज नव्याने टाकलं आणि टॅली, प्रिंटर मार्गी लावण्यात अख्खा रविवार गेला. खर्चापेक्षा तो रविवार जास्त लागला मनाला.

त्या नजरेने बघा. जानेवारी २०१७ मध्ये इंटेलचे २०० मालिकेचे बोर्ड आले, त्याच ऑक्टोबरात आय७-८७००के आला. सॉकेट दोघांचं एलजीए ११५१ च, तरी तो प्रोसेसर त्या बोर्डांसाठी नाही. पुढे सॉकेटच बदलत गेलं: २०२० ला एलजीए १२००, २०२१ ला १७००, २०२४ ला १८५१. पैकी १७०० वर तीन पिढ्या निघाल्या, हे मान्य करायला हवं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मात्र २०१७ च्या पहिल्या रायझनपासून (रायझन म्हणजे एएमडीचे प्रोसेसर) ५००० मालिकेपर्यंत सगळं बसलं.

मी २०१८ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून रायझन ५ १६०० आणि एएम४ चा बी३५० बोर्ड आणला. २०२२ च्या अखेरीस त्याच बोर्डावर ५००० मालिकेतला ५६०० चढवला. बायॉस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, आणि तोही यूपीएसवर, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. एएम४ चा कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर उपटून येण्याची भीती असते. म्हणून मशीन दहा मिनिटं चालवून कूलर आणि प्रोसेसरमधली पेस्ट गरम केली, बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवला. सोनेरी त्रिकोण जुळवून नवा प्रोसेसर अलगद ठेवला, लीव्हर दाबली. अर्ध्या तासात टॅली होतं तसं उघडलं.

हे एएमडीने सहज दिलं असं मात्र मी म्हणणार नाही. कंपनी पुढे होती तेव्हा तिनेही भाव चढवले. ३००० मालिकेत सहा कोअरचा ३६०० हा १९९ डॉलरला आला होता. २०२० मध्ये नव्या मालिकेतला सहा कोअरचा ५६००एक्स थेट २९९ ला. माझ्या बी३५० सारख्या जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना तर ५००० साठी दारच बंद होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलची बारावी पिढी आली, आणि मार्च २०२२ मध्ये एएमडीने १९९ डॉलरचा ५६०० जाहीर केला, बंद दारही उघडलं. माझा बोर्ड वाचला तो इंटेलमुळे. उलट बाजूही तशीच: इंटेलने जवळजवळ दशकभर आपल्याला साध्या डेस्कटॉपवर चार कोअरवर ठेवलं, रायझन आला त्याच वर्षी सहा दिले. म्हणून मी एएमडी घेतो, पण इंटेल मागे पडलेली मला नको आहे.

तुमचं काम वेगळं असेल तर हिशेबही वेगळा निघेल. पण चार-पाच वर्षांनी प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर मला एएम५ बरा वाटतो. त्यावर ७००० आणि ९००० दोन्ही मालिका चालतात, आणि २०२७ पर्यंत तरी तो चालू ठेवू असं कंपनीने जाहीर केलंय. आज प्रोसेसर साधा घेतला तरी चालेल, बोर्डावर चार पैसे जास्त घाला. आणि त्याच्या मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसर न बसवताही बायॉस अपडेट करणारं) आहे ना, ते दुकानातच बघून घ्या.