गाडीचा एसी सुरूच होत नाही: आधी गॅस की आधी वायरिंग?

बटणावरचा दिवा लागतो, ब्लोअर जोरात वारा सोडतो, पण वारा कोमट. अशा वेळी बहुतेक जण गाडी थेट गॅस भरायला नेतात. दुसरा मार्ग म्हणजे आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कॉम्प्रेसरपर्यंत, म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपापर्यंत, करंट पोचतोय का ते बघून घेणं. एसी अचानक बंद पडला असेल, तर माझा कौल दुसऱ्या मार्गाला आहे.

‘कमी गार करतो’ आणि ‘सुरूच होत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरच्या पुलीपुढची चकती ‘खट्’ आवाज करून फिरायला लागली, तर क्लच, म्हणजे फिरत्या पुलीला कॉम्प्रेसरशी जोडणारा भाग, लागतोय. नुसती पुली फिरते आणि चकती जागची हलत नाही, तर कॉम्प्रेसर सुरूच झालेला नाही. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला असा क्लच नसतो. तिथे ही खूण उपयोगाची नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनरच लावावा लागतो.

गॅस भरणाऱ्यांचं म्हणणं अगदी निराधार नाही. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं. गॅस संपला की ऑइलही पोचत नाही, म्हणून दाब फार खाली गेला की प्रेशर स्विच क्लच लागूच देत नाही. गॅस भरला की तो पुन्हा लागतो. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत होझमधून थोडा झिरपतो, एवढंच. सगळाच गेला असेल, तर कंडेन्सर, ओ-रिंग, कूलिंग कॉइल किंवा कॉम्प्रेसरचं सील, कुठेतरी लीक आहेच. ते न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांत गॅस साधारण 400 ते 600 ग्रॅमच मावतो. आत किती शिल्लक आहे हे न मोजता वरून भरला आणि जास्त झाला, तर दाब वाढतो, मग हाय प्रेशरमुळे कॉम्प्रेसर बंद होतो. म्हणजे पैसे देऊन तोच दोष परत.

वायरिंगची तपासणी त्या मानाने स्वस्त आणि झटपट असते. फ्यूज बघायचा, एसीचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून बघायचा, मग क्लचच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावायचा. तिथे 12 व्होल्ट येतात आणि तरी क्लच लागत नाही, तर दोष क्लचच्या कॉइलमध्ये (चकती ओढून घेणाऱ्या विद्युतचुंबकात) किंवा चकती आणि पुली यांच्यातल्या, झिजून वाढलेल्या गॅपमध्ये. चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 3 ते 5 ओहम असतो. गाडी थंड असताना क्लच लागतो आणि तापल्यावर सुटतो, तर गॅपवर संशय घ्या. कितीतरी गाड्यांत क्लच किंवा कॉइल गॅस न काढता बदलता येते, म्हणून अख्खा कॉम्प्रेसर बदलायला होकार देण्याआधी हे विचाराच. करंट पोचतच नसेल, तर प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलचा सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्याकडे वळायचं. इंजिन जास्त तापलं तरी ईसीयू एसी तोडतो, तेव्हा टेंपरेचरचा काटाही बघून घ्या.

गॅसचा प्रश्न याच फेरीत निकाली काढता येतो. इंजिन बंद आणि थंड असताना दाब मोजणारा गेज लावला, तर 30 अंश तापमानाला आर-134ए (बऱ्याच गाड्यांच्या एसीतला गॅस) गॅसचा दाब हाय आणि लो प्रेशरच्या दोन्ही बाजूंना 95 ते 100 पीएसआयच्या आसपास दिसायला हवा. तेवढा असेल, तर क्लच अडायला गॅसची कमतरता हे कारण नाही. गॅस नेमका किती आहे हे मात्र या आकड्यावरून कळत नाही; ते सगळा गॅस काढून वजन केल्यावरच कळतं.

गारवा आठवडेच्या आठवडे कमी होत गेला आणि मग एसी बंद पडला, तर आधी लीक शोधा. काल व्यवस्थित गार होता आणि आज बंद, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की चालू-बंद होतो, तर आधी वायरिंग.

प्रेशर स्विचला वायरने शॉर्ट करून कॉम्प्रेसर चालवत ठेवू देऊ नका, ऑइलविना तो जाम होईल. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावू नका. तिथला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं ऑइलही वेगळं असतं. लीक बुजवणारं सीलंटही नको, ते गॅस काढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनमध्ये अडकतं म्हणून पुढे कुणी गाडी हातात घेत नाही. प्रवास तोंडावर आहे आणि टॉप-अपशिवाय इलाज नाही, असं असेल तर गॅसबरोबर यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाकून घ्या, म्हणजे परत आल्यावर लीकची जागा सापडेल.